शेकडा बारा आणि एक म्हैस

मंगळवार, १ जानेवारी १९४६

काल मिशनच्या शाळेतून निवृत्त झालो. सदतीस वर्षं अंकगणित शिकवलं. निरोपाला हार, नारळ आणि ही डायरी मिळाली. हार माझ्या बायकोने, मरियाने, दारावर लावला, नारळाची चटणी केली, आणि डायरी माझ्या वाट्याला आली.

आज नव्या वर्षाबरोबर मी मालक झालो. फंडाचे अठराशे रुपये मोजले आणि टाकळीबाजार स्टेशनामागची तीन खोल्यांची चाळ घेतली. दगडी जोतं, मंगलोरी कौलं, पुढे लांब ओसरी, कोपऱ्यातल्या खोलीमागे कडुनिंब. खोलीचं भाडं सहा रुपये. महिन्याचे अठरा, वर्षाचे दोनशे सोळा. अठराशेवर दोनशे सोळा म्हणजे शेकडा बारा, बाकी शून्य. इतकं स्वच्छ गणित मी पाठ्यपुस्तकातसुद्धा पाहिलं नव्हतं.

मरिया म्हणाली, "कोपऱ्यातली खोली आपल्याला ठिवा. निंबाची सावली हाय."

मी तिला पाटीवर मांडून दाखवलं. आपण एक खोली अडवली तर शेकडा बाराचे आठ होतात. त्यापेक्षा आपण दुसऱ्या कुणाची चार रुपयांची खोली घ्यायची आणि आपली सहाला द्यायची. महिन्याला दोन रुपये घरबसल्या.

"म्हंजे आपल्या घरात दुसरी मानसं, आनि दुसऱ्याच्या घरात आपन?"

"यालाच गुंतवणूक म्हणतात."

"बरं," ती म्हणाली. मरियाचा हा गुण मला फार आवडतो. एकदा समजावलं की पुन्हा विषय काढत नाही.

तिचं म्हणणं तरी काय होतं? जिथे खिळा ठोकायला मडमसाहेबांची चिठ्ठी लागत नाही अशी एक भिंत हवी. मिशनच्या खोल्यांत भिंतीला भोक पाडायची मनाई आहे. आमच्या लग्नाचा फोटो सदतीस वर्षं ट्रंकेवर टेकवून ठेवलेला आहे. तिथे तो चांगला दिसतो.

ही मिशनची खोली ३१ मेपर्यंत नव्या मास्तरांसाठी रिकामी करायची आहे. तोवर भाड्याचं बस्तान बसलं पाहिजे. न बसलं तर खडकीला जॉर्जकडे जावं लागेल. जॉर्ज आमचा मुलगा, दारूगोळ्याच्या कारखान्यात आहे. एका खोलीत तो, सून रोझी आणि चार मुलं. तो पत्रात प्रेमाने "या" लिहितो, आणि खाली खोलीची लांबी-रुंदीही लिहितो.

शुक्रवार, ११ जानेवारी

तिन्ही खोल्या लागल्या. पहिलीत आसाराम, साखर कारखान्यावर उसाच्या गाड्यांच्या काट्यावर असतो. स्वतःला वजनातलं कळतं म्हणून सगळ्या जगाकडे जरा वाकडी मान करून बघतो. मधल्या खोलीत रंगुबाई. नवरा नाही, दूध विकते. कोपऱ्यातली खोली कारखान्याच्या एका कारकुनाला दिली, हंगाम संपेपर्यंत.

रंगुबाईची म्हैस राहुरीजवळ तिच्या भावाकडे आहे. ती इथे ओसरीत बांधू का म्हणून विचारत होती. "लई गरीब हाय वो मास्तर, चंद्री नाव तिचं. माझ्याहून कमी बोलती."

मी साफ नाही म्हटलं. ही माणसांची इमारत आहे. संध्याकाळी फळीवर माझ्या वळणदार अक्षरात पाटी रंगवली, "येथे जनावरे बांधू नयेत", आणि दर्शनी भागी लावली. मरिया आणि रंगुबाई ओसरीत बसून पाटीकडे बघत काहीतरी बोलत होत्या. मला पाहून गप्प झाल्या. अक्षर आवडलं असावं.

सोमवार, ४ फेब्रुवारी

आपल्या गावाला गेल्या वर्षी म्युनिसिपालिटी झाली, तिचे पट्टी-कारकून आज चाळ मोजायला आले. श्रीमंत नाव. नावाप्रमाणे काही नाही, कोपरावर कोट विरलेला आहे, पण फार गुणग्राही माणूस. मी त्यांना सगळी इमारत हिंडून दाखवली. भिंतींची जाडी वीत घालून दाखवली. पूर्वेचा उजेड, दोन-दोन खिडक्या, वासे सागवानी. प्रत्येक गोष्टीला ते "वा, वा" म्हणत होते आणि लिहून घेत होते.

"मास्तर, भाडं सहा? इतक्या चांगल्या खोलीला?"

"युद्धापासून भाडं वाढवायची बंदी आहे, म्हणून सहा," मी म्हटलं. "मोकळ्या बाजारात नऊ कुठे गेले नाहीत."

"नऊ," ते म्हणाले आणि तेही लिहून घेतलं. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले की असे मालक भेटत नाहीत. सदतीस वर्षांत इन्स्पेक्टरांनीही माझ्या कामाची इतकी कदर केली नव्हती.

बुधवार, २० फेब्रुवारी



घरपट्टीची नोटीस आली. पट्टी भाड्यावर नाही, वाजवी भाडं किती येऊ शकेल त्यावर आहे. आणि वाजवी भाडं मालकाच्या सांगण्यावरून खोलीला नऊ रुपये. वर्षाचे तीनशे चोवीस. त्यावर रुपयाला दोन आणे म्हणजे साडेचाळीस. पाणीपट्टी बारा वेगळी. नळ अजून आलेला नाही, पण येणार आहे.

म्हणजे सरकारच्या हुकुमाने मी नऊ घेऊ शकत नाही, आणि म्युनिसिपालिटीच्या हिशेबाने मी नऊ घेतच आहे. दोनशे सोळातून साडेबावन्न वजा. राहिले एकशे साडेत्रेसष्ट. शेकडा बाराचे शेकडा नऊ झाले. तेही एका सभ्य माणसाशी दहा मिनिटं बोलल्यामुळे.

नऊ टक्क्यांत आमचं भागत नाही. मी तीनदा मांडून पाहिलं. चौथ्यांदा मरियाने पाटी काढून घेतली.

शनिवार, २३ फेब्रुवारी

अपील करता येतं. इमारतीचे दोष लिहून द्यायचे.

दोष लिहायला बसलो आणि लक्षात आलं की इमारतीला दोषच नाहीत. आता काय करावं? आसाराम म्हणाला, "लिवा की मास्तर, अंधार लई हाय म्हून. कोन बघतंय?"

बघणारा आहे, मी म्हटलं. नवव्या आज्ञेवर मी दर वर्षी पोरांकडून निबंध लिहून घेतला. खोटी साक्ष देणार नाही. पण अपिलाची मुदत मंगळवारपर्यंत.

दुपारी उपाय सुचला. खोटं लिहायचं नसेल तर आधी ते खरं करावं. मी लिहिलं, "खोल्यांत अंधार आहे." आणि सोमवारी गवंडी बोलावून मागच्या तिन्ही खिडक्या बुजवायच्या ठरवल्या. सात रुपये सांगतो आहे. सात रुपयांत सत्य स्वस्तच पडलं.

मरिया म्हणाली, गवंड्याकडे ती बघेल, मी उन्हात उभं राहू नये. किती काळजी घेते.

गुरुवार, १४ मार्च

अपिलावरून परवा श्रीमंत पुन्हा आले. मी खुशीत होतो. मधल्या खोलीत काळोख इतका की रंगुबाईने त्यांना पाट समजून उखळावर बसवलं.

ते बराच वेळ बसले. कोट काढला. कपाळ पुसलं. म्हणाले, "मास्तर, बाहेर अंग भाजतंय, आणि इथे काय गार वाटतंय! पश्चिमेचं ऊन अडवलंत वाटतं? कल्पना छान."

आज दुरुस्तीचा कागद हातात पडला. "उन्हाळ्यात थंडावा राहण्याची विशेष सोय केलेली आहे." वाजवी भाडं नवाचं दहा.

मी कपाळावर हात मारला. रंगुबाई म्हणाली, "खरंच गार हाय बरं का. दूध नासत न्हाई."

बुधवार, २७ मार्च

दुसरा अर्ज केला, "छपरास भोक आहे." अर्ज देण्याआधी आसारामच्या खोलीवर चढून स्वतः दोन कौलं काढली. वयाच्या साठाव्या वर्षी छपरावर चढलो, तर रस्त्यावरून माझे जुने विद्यार्थी नमस्कार करत गेले. नमस्काराला उत्तर देताना तिसरं कौल आपोआप निघालं.

आसारामला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण त्या भोकातून उन्हाचा कवडसा खाली पडतो, तो कोनाड्यावर आला की दहा वाजतात आणि हंड्यावर आला की पाळीची वेळ होते. त्याने भिंतीवर कोळशाने खुणा केल्या आहेत. "हितून पुढं भोंगा चुकला तरी आमी चुकत न्हाई," म्हणाला. आजूबाजूचे लोक त्याला वेळ विचारायला येतात.

मंगळवार, ९ एप्रिल

श्रीमंतांनी खुणा पाहिल्या. "वरून हवा-उजेड येण्याची, तसेच वेळ समजण्याची सोय." अकरा रुपये.

त्यात कोपऱ्यातला कारकून हंगाम संपत आला म्हणून खोली सोडून गेला. आता येणार महिन्याचे बारा, आणि पट्टी अकरांप्रमाणे तिन्ही खोल्यांची. साडेएकसष्ट. रिकामी खोलीही वाजवी भाडं मिळवतच असते, असं नियम म्हणतो. शेकडा साडेचार! टपाल हापिसात ठेवले असते तर निदान कौलं तरी काढावी लागली नसती.

आज मला भीती वाटली, हे इथे लिहून ठेवतो. खडकीच्या त्या दहा बाय बारामध्ये आठ माणसं, आणि त्यात मी मांडी घालून कोपऱ्यात बसलेला. मरियासमोर बोललो नाही. तिने मात्र सरळ विचारलं, "खडकीला जायाचं का?" मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "मी न्हाई जानार." सदतीस वर्षांत तिचं "नाही" मी पहिल्यांदा ऐकलं.

शुक्रवार, १२ एप्रिल

मरिया नोटिशीच्या कागदावर डाळ निवडत होती. "आवो, हिच्या मागल्या बाजूला बी कायतरी छापलंय," म्हणाली. मी डाळ झटकून वाचलं. इतके दिवस मी फक्त आकड्यांची बाजू वाचत होतो.

कलम चौदा. "गुरांचे गोठे : खोलीमागे सालीना आठ आणे. पाणीपट्टी माफ." पाणीपट्टी माफ, कारण जनावरं ओढ्यावर पाणी पितात असं धरलेलं आहे. पुढे गुराख्याबद्दल काही ओळी होत्या. आपल्याला गुराख्याशी काय करायचं आहे?

साडेएकसष्ट रुपयांच्या जागी दीड रुपया! मी उठून फेऱ्या मारू लागलो. फक्त चाळ म्हणजे गोठा आहे हे खरं झालं पाहिजे.

"म्हशीची तेवढी अडचन," मरिया डाळीतला खडा काढत म्हणाली.

मी तडक रंगुबाईकडे गेलो आणि मोठ्या मनाने चंद्रीला परवानगी दिली. राहुरीहून म्हैस यायला दोन दिवस लागतील असा माझा अंदाज होता. ती पाऊण तासात आली. वेशीबाहेरच्या मळ्यात आठ दिवसांपासून बांधलेली होती म्हणे. काय योगायोग असतात!

पाटी काढून ठेवली. फळी चांगली आहे.

बुधवार, १७ एप्रिल

चाळ गोठा आहे असा तिसरा अर्ज दिला. मधल्या खोलीत चंद्री. पहिल्या खोलीत आसारामने शेळी आणली, तीही कवडसा हंड्यावर आला की ओरडते. तिसऱ्या खोलीत काय बांधावं याचा विचार चालू आहे. मी कुंभाराचं गाढव पाहून आलो. मरिया म्हणाली, "तिथं नगं. मी कालच सारवलंय."

रिकाम्या खोलीला सारवते कशाला, विचारलं, तर म्हणाली मुंग्या होतात. ती तिथे हल्ली रोज जाते. मुंग्या फार दिसतात.

बुधवार, १ मे

भाड्याचा दिवस. आसारामने माझ्या हातावर आठ आणे ठेवले.

"हे काय?"

"मास्तर, तुमीच अर्जात लिवलंय, गोठा हाय. गोठ्याचं भाडं सहा रुपये कुटं असतंय? मी चार जागी विचारून आलो. आठ आने चालू हाय." वजनातलं कळणारा माणूस, त्याच्याशी वाद घालता येईना. काल कारखान्याची चिमणी थंड झाली, आज तो शेळी ठेवून पाथर्डीकडे आपल्या गावी गेला. दिवाळीला हंगामाबरोबर येईल. शेळीचं भाडं पुढचं सहा महिन्यांचं देऊन गेला.

रंगुबाईनेही आठ आणे दिले. मी म्हटलं, हे म्हशीचं झालं, तुझं?

"माझं कशाचं? खोलीत म्हैस ऱ्हाती. मी ओसरीवर निजते. आत मी तिला भेटाया जाते फकस्त."

मी अर्जाची नक्कल काढून पाहिली. मीच तसं लिहिलं होतं.

महिन्याचा एक रुपया. वर्षाचे बारा. पट्टीत मात्र साठ रुपये वाचले! अजून वाचले नाहीत, वीस तारखेला सुनावणी आहे, पण वाचतील. पट्टी भरणाऱ्यांत इतकी बचत गावात कुणीच केली नसेल. हे मी मरियाला सांगितलं. ती बराच वेळ पदर तोंडाला लावून खोकत होती.

मंगळवार, ७ मे

रंगुबाईच्या पायात बाभळीचा काटा मोडला. मरिया म्हणाली, "चार दिस तुमीच चंद्रीला चरायला न्या. पाय मोडलेल्या बाईला कुटं हिंडवता?" शेजारधर्म म्हणून नेली. छत्री, चष्मा आणि म्हैस असा मी ओढ्याकाठी.

म्हैस हटवादी आहे. काठी दाखवली तर बसते. वैतागून मी स्वतःशी तेराचा पाढा म्हणू लागलो, तर उठून चालू लागली. तेरा पाचे पासष्टला वळण घेतलं. पाढा संपला की थांबते. शाळेत इतकं लक्ष कुणी दिलं नव्हतं.

शुक्रवार, १७ मे

काटा अजून निघत नाही. अकरा दिवस झाले. रंगुबाई लंगडते, पण कधी डाव्या पायाने, कधी उजव्या. काटा आतून फिरत असावा. चंद्री आता सतराच्या पाढ्यावर आहे.

खोली सोडायला चौदा दिवस राहिले. चंद्रीला बरोबर घेऊनच चार रुपयांची खोली पाहायला गेलो, तर ती आता सात रुपये झाली आहे. मालक म्हणाला, "घरपट्टी वाढली, काय करणार?" मी त्याला सगळे नियम सांगितले. तो म्हणाला, "मग तुम्ही कुठे राहता?" येताना वाटेवर थोडा वेळ मैलाच्या दगडावर बसलो. फंड गेला, भाडं गेलं, आता मरियाला कुठे नेऊ? देवाला विचारलं. म्हैस शेजारी येऊन उभी राहिली.

सोमवार, २० मे

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

अपील कमिटीचे चेअरमन राधाकृष्णशेठ, पेठेतले आडतवाले. "पुरावा हजर करावा" असं समन्सात लिहिलं होतं, म्हणून चंद्रीला म्युनिसिपालिटीच्या पायरीशी बांधलं. मरिया आणि रंगुबाई मागच्या बाकावर. माझ्या हातात बायबल दिलं. मी खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही, असं म्हटलं. हे वाक्य सगळे म्हणतात. मला मात्र ते पाळायचं होतं.

शेठजी आधी दुधाबद्दल बोलले. किती देते, दाट आहे का. मग चष्मा लावला. "पहिल्या खोलीत?"

"शेळी."

"माणूस?"

"गावी गेला."

"दुसऱ्या खोलीत?"

"म्हैस. बाई ओसरीवर राहते."

श्रीमंत उभे राहिले आणि ओसरी मोजणीत धरत नाहीत असं प्रामाणिकपणे म्हणाले. बरं वाटलं.

"तिसऱ्या खोलीत कोणतं जनावर आहे?"

"कोणतंच नाही. रिकामी आहे."

"मग हा गोठा कसला, मास्तर?" शेठजी हसले. "ज्या इमारतीत माणसांना देण्याजोगी खोली आहे ती माणसांची इमारत. लिहा हो, अकरा रुपयांप्रमाणे तिन्ही."

मला समोरचं काही दिसेना. दहा बाय बारा दिसू लागलं. आणि मागून आवाज आला. मरियाचा.

"साहेब, ती खोली रिकामी न्हाई. ती गुराख्याची हाय. कलम चौदा, तिसरी ओळ."

कारकुनाने कागद उलटला. "गोठ्यातील एक खोली गुराख्यास कुटुंबासह राहण्यास देता येईल. तीस पट्टी माफ." शेठजींनी चष्मा वर केला. "पण गुराखी आहे कोण?"

मी तोंड उघडलं. रंगुबाई, असं मी म्हणणारच होतो. म्हैस तिचीच आहे.

"यांनाच विचारा," मरिया म्हणाली. "म्हस चाराया कोन नेतं, आनि किती दिस झालं. शपथ यांनी घेतलीया."

सगळे माझ्याकडे बघू लागले. रंगुबाई पायाचा अंगठा न्याहाळत होती. बाहेर चंद्री एकदा ओरडली. मी ओळीने अकरा वर्षं चर्चमध्ये दहा आज्ञा वाचल्या आहेत.

"मी," मी म्हणालो. "चौदा दिवस."

सभागृहात खसखस पिकली. एका कोपऱ्यातून कुणी तरी सतराचा पाढा म्हटला, माझाच विद्यार्थी असावा. कारकुनाने रजिस्टरात लिहिलं, "शांतवन याकोब ओहोळ, वय साठ, धंदा : गुराखी." सदतीस वर्षं मास्तर होतो, आणि एका ओळीत गुराखी झालो. लाजेने माझे कान तापले. मान वळवून मरियाकडे रागाने पाहिलं. ती रडत होती. मग मला राग धरता येईना.

शुक्रवार, २४ मे

हुकूम लेखी आला. चाळ गोठा ठरली. पट्टी दोन खोल्यांची मिळून सालीना एक रुपया. कोपऱ्यातली खोली गुराख्यास माफ. दर्शनी भागी पाटी लावणे सक्तीचे.

जुनीच फळी उलटी केली आणि मागच्या बाजूला रंगवलं, "हा गोठा आहे. येथे माणसांनी राहू नये." अक्षर पहिल्यापेक्षा चांगलं आलं.

उत्पन्न बारा, पट्टी एक, बाकी अकरा. शेकडा बाराचे शेकडा दहा आणे झाले. रंगुबाई म्हणाली ओसरीच्या बदल्यात रोज शेरभर दूध देईन. दुधावर पट्टी नाही, ते कलम मी दोनदा पाहिलं. तिचा काटा सोमवारी सुनावणीहून परत येताना वाटेतच निघाला.

शुक्रवार, ३१ मे

मिशनच्या खोलीची किल्ली नव्या मास्तरांना दिली. सामान हातगाडीवर घालून चाळीत आलो, पाटीखालून आत गेलो.

खोलीत पाऊल ठेवलं तर चूल मांडलेली. फळीवर डबे. कोनाड्यात कंदिलाची जागा. सामान तर आत्ता माझ्याबरोबर आलं, मग हे कधी?

"फेब्रुवारीपासनं थोडं थोडं," मरिया म्हणाली.

"फेब्रुवारीत इथे कारकून राहत होता!"

"मग काय झालं? त्याची बायकू न्हवती. डबे ठिवायला त्याला काय अडचन?"

तिने मुसळ घेऊन बुजवलेल्या खिडकीला दोन दणके घातले. सगळ्या विटा बाहेर पडल्या आणि निंब दिसला. मी ओरडलोच. सात रुपये घेऊन त्या गवंड्याने चुन्याऐवजी चिखल वापरला होता!

"त्याला मीच सांगितलं हुतं," मरिया म्हणाली. "उगं मजबूत कशाला करायचं?"

मी ट्रंकेवर बसलो. गेले पाच महिने एकेक करून आठवू लागलो, पण दुसऱ्याच महिन्यापाशी माझं गणित चुकायला लागलं, तेव्हा सोडून दिलं.

तिने पदराच्या गाठीतून एक खिळा काढला. लांब, जुना, गंजलेला. किती वर्षं तिच्यापाशी होता कोण जाणे. भिंतीला लावला आणि वरवंटा उचलला. मग थांबली. सवयीने माझ्याकडे वळून म्हणाली, "ठोकू का?"

"मला काय विचारतेस?" मी म्हटलं.

तिने ठोकला. एकाच घावात अर्धा गेला. आमचा फोटो तिने पदराने पुसला आणि लावला. थोडा वाकडा लागला आहे. मी तेवीस वर्षांचा आहे आणि फार शहाणा दिसतो. ती माझ्या शेजारी उभी आहे आणि हसू दाबते आहे. ट्रंकेवर असताना हे मला कधी दिसलं नव्हतं.

भिंतीत खिळा ठोकल्याने वाजवी भाडं वाढतं की कमी होतं, हे नोटिशीच्या दोन्ही बाजूंना तपासून पाहिलं. काहीच दिलेलं नाही. मग दुसरा खिळा मी ठोकला.